संघप्रियाच्या लाल रिबनी

माझ्या खिशात किती जंपर आहेत हे एकवीस वर्षांत मी कधी मोजलं नव्हतं. लिफ्टच्या कामात हात बसला की माणसाला मोजायची लाज वाटते. संघप्रियाला ती लाज नव्हती, म्हणून मी तिची यथेच्छ टिंगल केली.

दिघ्याची ही पोरगी आयटीआय करून माझ्या हाताखाली हेल्पर म्हणून आली. जंपर म्हणजे वीतभर वायर, दोन्ही टोकांना चिमटे. दरवाजा उघडा असला की लिफ्ट हलत नाही. दुरुस्तीपुरती ती अडवणूक बाजूला ठेवायला वरच्या मशीनरूममधल्या पॅनलमध्ये जंपर लावायचा आणि काम झालं की काढायचा. विसरलात तर लिफ्ट उघड्या दरवाजानिशी निघेल आणि कुणाचा तरी जीव घेईल. पहिल्याच महिन्यात संघप्रिया एक जंपर विसरली. घरी जेवायला बसल्यावर आठवलं, तशी ताटावरून उठून ऐरोलीला परत गेली आणि नऊ मजले जिने चढून तो काढून आली. दुसऱ्या दिवशी तिच्या आईने, विमलबाईंनी, तीन कप्प्यांची पिशवी शिवून दिली आणि प्रत्येक जंपरला हातभर लाल रिबन बांधली. जंपर लावला की रिबन पॅनलबाहेर लोंबणार.

"काय गं, वेण्या घालून शाळेत निघालीस का?" मी म्हणायचो.

"हसा काका," ती म्हणायची आणि एक-दोन-तीन मोजूनच पॅनल बंद करायची.

मेकॅनिकच्या परवान्याच्या परीक्षेत मागच्या वर्षी या तपासातपासीतच तिची वेळ संपली आणि ती नापास झाली. परवाना नाही म्हणजे घाम तिचा आणि लिफ्टच्या देखभालीच्या कार्डावर सही माझी. मला वाईट वाटायचं, पण तोंडाने मी एवढंच म्हणालो, "या वेळी त्या रिबनी घरी ठेव."

तिने ठेवल्या नाहीत.

यंदाची परीक्षा वाशीच्या एका इमारतीत होती आणि तिथली लिफ्ट मीच सांभाळतो. परीक्षकसाहेबांनी सकाळी मला तिच्यात एक बिघाड करून ठेवायला सांगितलं. मी एक वायर सैल केली, लिफ्ट बंद पडते का तेही तपासलं. साहेबांनी बजावलं, "जोतीराम, तुमची शिष्या आहे. तोंडातून अक्षर काढायचं नाही." मी मशीनरूमच्या कोपऱ्यात मुकाट उभा राहिलो.

आधी दोघे जण झाले. दोघांनी वायर शोधली, लिफ्ट चालवून दाखवली आणि हसत बाहेर गेले. दर वेळी मी वायर पुन्हा सैल करून ठेवली. संघप्रियाने ती दहा मिनिटांत पकडली. माझी छाती फुगली. आता बटण दाबलं की झालं! पण ही बया बोटाने एकेक वायर चाचपत बसली. गेल्या वर्षीचंच पुढे आलं, असं वाटून माझा जीव खालीवर होऊ लागला.

"चालवा आता," साहेब म्हणाले. "पाच मिनिटं राहिलीत."

"नाही चालवणार सर. दरवाजाच्या लॉकवर जंपर आहे."

"मी एकच बिघाड दिलाय. तुमचाच राहिला असेल. म्हणजे नापास, माहितीय ना?"

संघप्रियाने कमरेची पिशवी सोडून त्यांच्यासमोर धरली. तीन कप्पे, तीन लाल रिबनी. "माझे तीन, सर. तिन्ही इथेच आहेत."

मी पुढे होऊन पाहिलं. काळी वायर, चिमट्याला पिवळी टेप. ही वायर दोन वर्षं रोज माझ्या हातात देणारी पोरगी तिला ओळखणार नाही? ओळखलंच होतं तिने. नाव मात्र घेतलं नाही. माझे कान लाजेने तापले.

"माझा आहे साहेब," मी म्हणालो. "सकाळी तपासताना लावला, काढायचा राहिला."

साहेबांनी मला जे सुनावलं त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. आधीच्या दोघांची परीक्षा पुन्हा घ्यायचं त्यांनी लिहून ठेवलं. मग ते संघप्रियाकडे वळले. "काढा तो जंपर आणि चालवा."

"वेळ संपली, सर."

"घड्याळ मी मघाशीच थांबवलंय."

लिफ्ट तळमजल्याला जाऊन वर आली. एवढ्या वर्षांत हजारदा पाहिलेली गोष्ट, पण त्या दिवशी माझे डोळे भरून आले.

परवाना हातात आला तेव्हा विमलबाईंनी दिघ्याच्या विहारात पेढे वाटले. मला दोन दिले, शिवाय एक कागदात गुंडाळलेली वस्तू. दुसऱ्या दिवशी आम्ही ऐरोलीच्या त्याच नऊ मजली इमारतीत होतो. काम मी केलं. कार्ड तिच्या हातात होतं. टपोऱ्या अक्षरात सही करायला तिने पेन टेकवलं आणि थांबली.

"काका, मोजले का?"

मी विमलबाईंनी शिवलेली माझी पिशवी काढली, रिबनी बाजूला केल्या आणि मोठ्याने मोजलं, "एक, दोन, तीन."

मग तिने सही केली.