उलटी काजं

काजमावशींना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. गल्लीतले पाच-सहा शिंपी आपले कोट आणि भारी शर्ट काजं करायला त्यांच्याकडे पाठवत, त्यावरून हे नाव पडलं आणि चिकटलं. मशीनची काजं झटपट होतात, पण चार धुण्यांत त्यांना दाढी फुटते. मावशींचं काज तसं नव्हे. "माणूस जाईल, शर्ट जाईल, मावशींचं काज काही जायचं नाही," असं समोरचा कोटवाला म्हणे. मावशी हसत आणि सुईत दोरा ओवत. एकोणसाठाव्या वर्षीही पहिल्या झटक्यात.

दुकान वडिलांचं. पुढे पायमशीन, मागे झोपायची खोली, मधे पडदा. लग्नाचं राहूनच गेलं होतं. डाव्या बाजूची भिंत म्हणजे नुसतं प्लायवुड, आणि त्याच्या पलीकडे चष्म्याचं दुकान. तिथलं "आता खालची ओळ वाचा" रोज ऐकून ऐकून मावशींना तो अक्षरांचा तक्ता न बघता पाठ झाला होता.

शनिवारी तीननंतर मात्र पलीकडे अक्षरं बंद आणि गाणी सुरू. चष्मेवाले, लवकर निवृत्ती घेतलेले पोस्टमास्तर आणि दातवाले डॉक्टर असे तिघं जमत. ऐकायचं ठरलेलं. बेचाळीस वर्षांपूर्वी याच गावातल्या टाउन हॉलमध्ये झालेला 'चौकडी' या बँडचा कार्यक्रम. जुनी लोकगीतं, त्यांना गिटार आणि ड्रमची साथ. त्या काळी ऐकणाऱ्यांचे कान टवकारले होते म्हणे. बँड वर्षभरात फुटला, मुलं पांगली, मागे राहिली ती एक कॅसेट. तिघांनी ती इतकी झिजवली होती की ऐकण्यापेक्षा भांडण्यातच जास्त वेळ जाई.

"नाव काय? चौकडी! चौकडीत पाच कसे हो?" डॉक्टर म्हणत.

"चौथ्या गाण्यात माउथ ऑर्गन आहे की नाही? चौघांचेही हात गुंतलेले. मग वाजवतोय कोण, तुमचा कंपाउंडर?" पोस्टमास्तर उसळत. "मी होतो तिथे. तिसऱ्या रांगेत. पाचवा पडद्याशी आला, वाजवलं आणि टाळ्यांच्या आत निघूनही गेला."

"तुम्ही तेव्हा किती वर्षांचे होता?"

"अकरा."

"आणि किती वाजता झोपायचात?"

इतकं झालं की दुसरा वाद. चौथं गाणं संपतं आणि टाळ्या फुटतात, त्या मधल्या क्षणात माइकच्या अगदी जवळ कुणीतरी दोन-तीन शब्द कुजबुजतं. पोस्टमास्तरांच्या मते "बस झालं गं." डॉक्टरांच्या मते "बस आला का."

"बस आली म्हणतात, डॉक्टर! आला नाही!"

"गिटार बडवणाऱ्यांना कसलं आलंय व्याकरण! आणि तुमचं ते 'गं' कुणाला? बँडमध्ये बाई होती का एक तरी?"

मावशी अलीकडे हे सगळं ऐकत. कधी सुई तोंडात धरून हसतसुद्धा. पण ते चौथं गाणं त्यांनी कधीही ऐकलं नव्हतं. तिसरं संपत आलं की त्या हातातलं काम ठेवून मशीनवर बसत आणि गाणं संपेपर्यंत पायाने धडधड धडधड मशीन चालवत. शिवायला काही नसलं तर एखाद्या चिंधीवर.

"मावशींना बरोबर चौथ्यालाच ऑर्डरी येतात," चष्मेवाले म्हणत.

कारण असं की ते माउथ ऑर्गन ताईने वाजवायचं होतं.

ताई मावशींहून दोन वर्षांनी मोठी. वडील तिला काजं करू देत नसत, कारण तिचं लक्ष शिवणात कमी आणि खिशातल्या माउथ ऑर्गनमध्ये जास्त. बटणं तेवढी लावू देत, आणि तिथेही रोजची कटकट. दुकानाची पद्धत अशी की चार भोकांच्या बटणाला दोन समांतर टाके घालायचे. ताई हटकून फुली घालायची. "फुली घट्ट बसते," म्हणायची. वडील ओरडत, "हे दुकान आहे, चुकलेल्या गणितांची वही नाही!"

बँडच्या चार मुलांनी कार्यक्रमासाठी चार सारखे शर्ट शिवायला टाकले, वाळूच्या रंगाचे, खिशावर काळी पायपिंग, म्हणजे कडेला बारीक गोट. पाचवं कोण वाजवणार हे त्या चौघांना आणि या दोघी बहिणींनाच ठाऊक होतं. घरी कळतं तर तंगडी मोडली असती. ताई पोराच्या वेशात पडद्याशी उभी राहणार, एक गाणं वाजवणार आणि परत येणार. पाचवा शर्ट सतरा वर्षांच्या मावशींनी उरलेल्या कापडातून, वडिलांची पाठ वळली की, तीन दिवसांत शिवला. माप त्यांनीच घेतलं. ताई गुदगुल्या होतात म्हणून नाचत होती.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी ताईने शर्ट अंगात घातला. बटणं लावायची राहिली होती.

"अगं माठ! काजं उजव्या बाजूला?"

वडील त्यांना फक्त बायकांचं काम देत, हाताला तेच वळण पडलं होतं. पुरुषाच्या शर्टाची डावी बाजू वर येते, बायकांच्या शर्टाची उजवी. त्यांनी उजवीवर काजं केली होती.

"पहिल्या रांगेतला माणूससुद्धा ओळखेल की ही बाई आहे," ताई म्हणाली. "पट्टी बदल, बटणं लाव आणि पाच वाजेपर्यंत हॉलवर आणून दे. देशील ना?"

"एवढं आहे तर तूच कर. माझे डोळे गेलेत तीन दिवस."

ताई तिचे नेहमीचे कपडे घालून, सायकल घेऊन तालमीला गेली. मावशी रुसून पडून राहिल्या. आत्ता उठते, मग उठते, करता करता पाच वाजले. सव्वापाचला ताई शर्ट न्यायला स्वतःच परत निघाली आणि पुलावर ट्रकखाली आली. सहाला सगळं संपलं होतं. कार्यक्रम सातला होता.

तेराव्या दिवशी मावशींनी तो शर्ट घडी केला, सहा बटणांची कागदी पुडी खिशात ठेवली, वरून जुन्या चादरीचा तुकडा गुंडाळला आणि चारही बाजूंनी शिवून टाकला. लाल दोऱ्याने, बारीक धावदोरा. ते गाठोडं ट्रंकेच्या तळाशी गेलं. चौथ्या गाण्यात ताईच्या जागी ऐन वेळी कुणीतरी उभं केलं असणार, हे उघडच होतं. त्या परक्याचा श्वास मावशींना ऐकायचा नव्हता. आपण पाच वाजता उठलो असतो तर तिथे कुणाचा श्वास असता, एवढा एकच हिशेब त्यांच्या डोक्यात बेचाळीस वर्षं चालू होता, आणि तो कधी सुटत नव्हता.

त्या शनिवारी पलीकडे नेहमीपेक्षा जास्त आरडाओरडा होता. जुन्या फोटोवाल्याच्या सुनेने माळा साफ करताना एक फोटो चष्मेवाल्यांना आणून दिला होता. 'चौकडी'चा, स्टेजवरचा. आजवर कुणी न पाहिलेला.

"डावखुरा! बघा, गिटारवाला चक्क डावखुरा!" डॉक्टर.

"शक्य नाही. मी तिसऱ्या रांगेत होतो!"

"पुन्हा तिसरी रांग!"

चष्मेवाले भिंगासकट मावशींच्या दारात आले. "मावशी, जरा चला. तुमच्यासारखी नजर आमच्यात कुणाची नाही, आणि चष्मा विकणाऱ्याने हे बोलणं म्हणजे काय ते समजा."

मावशी फोटोपाशी वाकल्या. वाळूच्या रंगाचे शर्ट फोटोत राखाडी दिसत होते. त्यांनी गिटारकडे पाहिलंच नाही.

"फोटो उलटा छापलाय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"शर्ट बघा. पुरुषांची डावी बाजू वर यायला हवी. इथे चौघांची उजवी वर आहे. चौघांनी मिळून काही बायकोचे शर्ट घातले नसतील."

पोस्टमास्तरांनी टेबलावर थाप मारली. डॉक्टरांचा चेहरा त्यांच्याच खुर्चीत बसलेल्या पेशंटसारखा झाला. "धन्य आहात, मावशी!" चष्मेवाले म्हणाले. मग त्यांनी भिंग फोटोच्या कडेला सरकवलं आणि थांबले. "पण मग हा कोण?"

पडद्याच्या दुमडीशी पाचवं माणूस उभं होतं. दोन्ही हात तोंडाशी नेलेले, त्यामुळे चेहरा झाकलेला. तोच शर्ट, खिशावर तीच काळी पायपिंग.

"आला की नाही पाचवा!" पोस्टमास्तर ओरडले.

"आला, पण याचाच शर्ट सरळ कसा?" डॉक्टर डोळे बारीक करून म्हणाले. "फोटो उलटा, चौघे उलटे. हा एकटा बरोबर. म्हणजे खरं तर..."

"खरं तर याची काजं उजव्या बाजूला आहेत," मावशी म्हणाल्या.

त्यांचा आवाज त्यांनाच पलीकडच्या दुकानातून आल्यासारखा वाटला. असा शर्ट त्यांनी आयुष्यात एकच शिवला होता. तो कुणाच्याही अंगावर स्टेजपर्यंत गेला नव्हता. शिवाय फोटोतला शर्ट गळ्यापर्यंत बंद होता, आणि मावशींनी शिवलेल्या शर्टाला बटणंच नव्हती.

"मावशी, बसा. पाणी देऊ?"

"मशीन चालू राहिलंय माझं," त्या म्हणाल्या आणि उठल्या. पायमशीन चालू राहत नाही, हे तिघांपैकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

मागच्या खोलीत उन्हाचा एक पट्टा ट्रंकेवर पडला होता. मावशींनी वरचे कपडे काढून ठेवले आणि तळाचं गाठोडं मांडीवर घेतलं. आधी शिवण तपासली. लाल दोरा फिकट झाला होता, पण टाका न् टाका त्यांचाच. शेवटच्या गाठीला त्या तीन वेढे देतात, ते तीनही जागच्या जागी. कुणी उसवून पुन्हा शिवलं असतं तर कापडाला जुनी भोकं दिसली असती. एकही नव्हतं. इतक्या वर्षांत या गाठोड्याला कुणाचा हात लागला नव्हता, हे त्यांनी कुणासमोरही शपथेवर सांगितलं असतं.

त्यांनी कात्रीच्या टोकाने शिवण उसवली.

शर्टाला बटणं होती.

सहाच्या सहा. मावशींनी एका बटणावरून अंगठा फिरवला. टाके समांतर नव्हते. प्रत्येक बटणावर फुली होती. किंचित तिरकी, घाईत घातलेली, दोरा दाताने तोडलेला. दुकानात कात्री हाताशी असताना दाताने दोरा तोडणारी एकच होती.

खिशातली पुडी त्यांनी उलगडली. रिकामी.

मग त्यांनी काजं पाहिली, कारण त्या दुसरं काय पाहणार! कोरं काज कसं दिसतं आणि वापरलेलं कसं, हे त्यांना अंधारातही बोटाने कळलं असतं. या काजांच्या कडा एकदाच मोकळ्या झाल्या होत्या. एकदा बटण घातलेलं, एकदा काढलेलं. कॉलरच्या आतल्या बाजूला घामाची रेघ होती. त्यांनी तिथे बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं. रेघ ओली होती.

किती वेळ गेला कोण जाणे. भिंतीपलीकडे कॅसेट लागली. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. तिसरं संपत आलं तसे सवयीने मावशींचे पाय मशीनकडे वळले. त्या मशीनपाशी गेल्या, चाकावर हात ठेवला, आणि तसाच काढून घेतला. शर्ट हातावर टाकून त्या चष्म्याच्या दुकानात शिरल्या.

"आवाज वाढवा जरा," त्या म्हणाल्या.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग त्यांच्या हातावरच्या शर्टाकडे. काळी पायपिंग पाहून डॉक्टर अर्धे उठले आणि परत बसले. चष्मेवाल्यांनी निमूटपणे बटण फिरवलं.

चौथं गाणं सुरू झालं. आधी गिटार, मग ड्रम, मग गाणाऱ्याचा जाडसर गळा. दुसऱ्या कडव्यानंतर सगळं थांबलं आणि एक लांब श्वास आला. त्याच्या मागून माउथ ऑर्गन. ओळीच्या मधेच, जिथे कुणीही घेणार नाही अशा ठिकाणी, वाजवणाऱ्याने श्वास घेतला. ताई नेहमी तिथेच घ्यायची. मावशी लहानपणी तिची नक्कल करून दाखवत आणि मार खात.

"पाचवा कोण, काही सुचतंय का मावशी?" पोस्टमास्तरांनी हळूच विचारलं. आज त्यांच्या बोलण्यात तिसरी रांग नव्हती.

"पाचवा नाही. पाचवी," मावशी म्हणाल्या. "माझी ताई. सहालाच गेली होती ती, पुलावर. हा शर्ट माझ्याकडेच होता."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

गाणं संपत आलं. शेवटचा सूर लांबला, बारीक झाला, विझला. टाळ्या फुटायच्या आधीची ती जागा आली. इतके शनिवार तिघांनी जिच्यावरून एकमेकांची डोकी फोडायची बाकी ठेवली होती, ती कुजबुज. आज ती इतकी जवळून आली की चष्मेवाल्यांनी मान वळवून मागे पाहिलं.

बस आला का नव्हतं ते. बस झालं गं पण नव्हतं. धाप लागलेली, खूश झालेली एक मुलगी कुणाला तरी सांगत होती,

"बसला गं!"

मग टाळ्या.

मावशींनी शर्टाची ओली कॉलर दोन्ही हातांत धरली.

"बसणारच," त्या हलकेच म्हणाल्या. "माप मी घेतलं होतं."