मागच्या पानापासून

आमच्या घरात पेपर वाचायची चीज नव्हती, ऐकायची होती. लातूरला आमचं कापडाचं दुकान होतं. रोज सकाळी ते उघडायच्या आधी बाबा पुढच्या खोलीत खुर्ची टाकून मोठ्यानं पेपर वाचायचे आणि आई समोर खाली बसून मेथी निवडत ऐकायची. एक बातमी संपली की आई विचारायची, "मग पुढं?" बातमी पुरी झालेली असली तरी हा प्रश्न ठरलेला. बाबा चिडायचे. "पुढं काय? मेला ना तो माणूस! आता पुढं काय असणार?" आई शांतपणे म्हणायची, "मग दुसरी घ्या."

आईला वाचता येत नव्हतं असं मात्र कुणी समजू नये. ती सातवी शिकलेली. साबणाच्या वेष्टनापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं ती वाचते, आणि पत्रिकेतल्या चुका काढते त्या वेगळ्याच. पण पेपर तिनं स्वतः उघडलेला मी कधी पाहिला नाही. एकदा मी विचारलंच. म्हणाली, "मला काय येत न्हाई का? पण दिवसभर ते गिऱ्हाइकांशी बोलतात. माझ्याशी तेवढंच."

काही वर्षांपूर्वी बाबांना झटका आला. दुकान तोवर बंद झालंच होतं. मी दोघांना नांदेडला माझ्या घरी घेऊन आले. लेकीच्या घरी राहायचं म्हणून बाबा आधी तोंड पाडून बसले, पण उपाय नव्हता. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात, तसं हळूहळू हात हलायला लागला, बोलणं सुधारलं. चव, माणसं, जुने भाव, कुणाचं लग्न कुणाशी झालं, सगळं शाबूत. फक्त एक गेलं. वाचणं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं की डोळे चांगले आहेत, पण मेंदूत अक्षर ओळखायची जी जागा असते तिला धक्का बसलाय. मला ते ऐकून कळलं, पण पटलं नाही. पहिल्या दिवशी पेपर हातात दिला तर बाबांनी तो लांब धरला, जवळ धरला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सगळी नक्षी हाय, माय."

बाबा मला लहानपणापासून माय म्हणायचे. 

आता मी कोण? जिल्हा परिषदेची मास्तरीण. अर्धापूरच्या बाजूला, केळीच्या बागांमधल्या शाळेत माझा उभा जन्म पहिलीच्या वर्गात गेलाय. तांड्यावरची, घरी बंजाऱ्यांची गोरमाटी बोलणारी पोरं माझ्याकडे येतात आणि दिवाळीपर्यंत घडाघडा वाचतात. मला वाटलं, बाबांना काय अवघड आहे! शाळेतले तक्ते घरी आणले, भिंतीला लावले आणि हातात पट्टी घेऊन उभी राहिले. क कमळाचा.

"कमळ दिसतंय की मला," बाबा म्हणाले. "त्याच्या शेजारची नक्षी कशाची ते सांग."

महिनाभर हे चाललं. पालथ्या घड्यावर पाणी. मी चिडायचे, आवाज चढवायचे, मग बाबाही चढवायचे. "गाढवापुढं वाचली गीता म्हण आणि गप बस," असं स्वतःलाच गाढव म्हणून ते विषय संपवायचे. मला हसू यायचं आणि रडूही यायचं. तक्ते मी काढले नाहीत, पण पट्टी ठेवून दिली.

जीव तुटायचा तो आईसाठी. ती रोज सकाळी मेथीची जुडी घेऊन बाबांच्या खुर्चीसमोर बसायची. बाबा गप्प. मेथी निवडून व्हायची, ती उठायची. मी म्हटलं, आई, मी वाचते. एक बातमी वाचली. तिनं ऐकली, "मग पुढं" काही म्हटलं नाही, सूप उचललं आणि आत गेली. नंतर भाकरी थापता थापता म्हणाली, "तू चांगलंच वाचतीस गं. पण मला बातम्यांची कुठं पडलीय? मला हे एवढंच लागायचं, तेच गेलं." तिनं कधी काही मागितलेलं नव्हतं. तिचं तोंड बघवेना.

त्यात नवीनच सुरू झालं. बाबा पेपर उलटा धरायला लागले. उलटा म्हणजे डोकं खाली पाय वर नव्हे. शेवटचं पान वर घ्यायचे आणि तिथून सुरू करायचे. क्रिकेट आणि जाहिरातींच्या पानावर बोट ठेवायचे आणि उजव्या कडेकडून डावीकडे न्यायचे. ओठ हलायचे. मग थांबायचे, मान हलवायचे, पुन्हा उजवीकडून. आमचे हे हळूच म्हणाले, "डोक्यावर परिणाम झालाय गं. आता तू फार आशा ठेवू नकोस." शेजारच्या काकूंनी कुणाकुणाचा अंगारा सुचवला. मी न्हाणीत जाऊन नळ सोडून रडले. माझे बाबा, दुकानात ठाण उलगडता उलगडता ग्राहकाचा नूर ओळखणारे, आता पेपरची पुढची बाजू ओळखत नाहीत!

बाबांना व्यायामाच्या दवाखान्यात न्यायला लागायचं. असेच एकदा देगलूर नाक्याजवळ आमचा ऑटो अडकला. पुढं केळ्यांचा ट्रक, मागं म्हैस, कुणीच हलेना. बाबा बाहेर बघत बसले होते. एकदम म्हणाले, "इथं रफू करतात."

"कुठं?"

"हे काय. लिवलंय ना. कपडे रफू किए जाते हैं."

मी त्यांच्या बोटाच्या दिशेनं पाहिलं. एका बारक्या दुकानावर हिरवी पाटी, वर सगळं उर्दू. मराठीचं एक अक्षर नाही. मी ऑटोवाल्याला विचारलं, भाऊ, त्या दुकानात काय करतात हो? तो म्हणाला, "रफूवालाच हाय तो, मॅडम. लई जुना." बाबांचं पुढच्या पाटीवर लक्ष गेलं होतं. "ताजी रोटी," म्हणाले. मग, "दवाखाना. दातांचा." मी त्यांचा हात घट्ट धरला. ऑटो हलला तरी मला कळलं नाही.

डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, क्वचित असं होतं, एक लिपी जाते आणि दुसरी राहते. पण लातूरच्या घरात आम्ही कधी उर्दू पाहिलं नव्हतं. बाबा उदगीरकडच्या एका खेड्यातले, निजामाच्या राज्यात शाळेत गेलेले, एवढं माहीत होतं. पण त्या शाळेत उर्दूच शिकवत आणि बाबा पहिलं अक्षर तेच शिकले, हे कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. निजाम गेला, शाळा मराठी झाली, आणि वरच्या वर्गातले बाबा पुन्हा बारक्या पोरांत बसून क ख ग शिकले. "लाज वाटायची," ते मला नंतर म्हणाले. "मिशा फुटायच्या वयात कमळ!" तेव्हा मला आमच्या तक्त्यांची आठवण झाली. त्या संध्याकाळी मी ते भिंतीवरून काढले.

एवढी वर्षं उर्दू का नाही वाचलं, असं विचारलं तर म्हणाले, "कुणाला वाचून दाखवू?"

दुसऱ्या दिवशी मी स्टँडजवळून उर्दू पेपर आणला. बाबांनी तो आपल्या नव्या सवयीनं धरला, ज्याला आम्ही शेवटचं पान म्हणत होतो ते वर. आणि पेपर बरोबर उघडला! उर्दूचं पहिलं पान तिथंच असतं. बोट उजव्या कडेला गेलं आणि या वेळी ते अडलं नाही, डावीकडे सरकत राहिलं. आई मेथी घेऊन आली, नेहमीच्या जागी बसली, वर बघितलं नाही. बाबांनी ओठांतल्या ओठांत ओळ लावली आणि मग मराठीत मोठ्यानं म्हणाले, "गोदावरीला पाणी सोडलंय. काठच्या लोकांनी जपून राहावं."

आईचा हात थांबला.  तिनं पदरानं डोळे टिपले आणि म्हणाली, "मग पुढं?"

"पुढं काय, पाणी आंध्रात जाईल!" बाबा खेकसले. इतकं गोड खेकसणं मी आयुष्यात ऐकलं नाही.

घरात दोन पेपर यायला लागले. बाबा उर्दूत वाचायचे, मराठीत सांगायचे. मला चैन पडेना. मी म्हटलं, बाबा, मलाही शिकवा. त्यांना लई आनंद झाला. सूड उगवायची संधी ना! माझीच पट्टी शोधून काढली. "हा बे, आपला ब," म्हणायचे. "एकटा असला की पाय पसरून बसतो. शब्दाच्या पंगतीत बसला की मांडी घालतो. तेव्हा त्याला वळखायचं खालच्या टिंबावरून." मी पंगतीतला बे ओळखायला आठवडा घेतला. बाबा आईला म्हणायचे, "ऐकायलीस का? तुझ्या मास्तरीणबाईला टिंब मोजता येईनात." आई म्हणायची, "मारू नका हो तिला."

अक्षरं पाठ झाली आणि मला वाटलं, झालं. आपल्याकडे अक्षरं आली की वाचन आलंच. कुठं काय! शब्दातलं प्रत्येक अक्षर ओळखू यायचं आणि तोंड उघडायचं नाही. इस आहे की उस? दोन्ही एकसारखंच लिहितात. ऱ्हस्व स्वरांच्या खुणा कुणी लिहीतच नाही. मी वैतागून म्हटलं, "अर्धं लिहायचं आणि अर्धं समोरच्यानं ओळखायचं, ही काय रीत झाली?"

बाबा हसले. "तुझ्या मराठीत आधी वाचता येतं, मग कळतं. ह्याच्यात आधी कळावं लागतं, मग वाचता येतं. शब्द वळखीचा असला तरच बोलतो."

ते माझ्या डोक्यातून जाईना. आपली बाराखडी सगळं ताटात वाढून देते. काना, मात्रा, वेलांटी, काही राखून ठेवत नाही. म्हणून माझी तांड्यावरची पोरं 'समुद्र' असं खणखणीत वाचतात आणि समुद्र म्हणजे काय विचारलं की माझ्याकडे टकामका बघतात. आमचे साहेब तपासणीला येऊन ऐकून जातात, खूश होतात. आणि तीच पोरं पहिल्या वेलांटीपाशी अडतात, कारण ती आधी दिसते आणि मागून बोलावी लागते. "बाई, ती पुढं बसून मागून का बोलती?" एकीनं विचारलं होतं. पन्नाशी उलटल्यावर टिंबं मोजत बसले तेव्हा मला त्या प्रश्नातला त्रास कळला. वर्गात मी अलीकडे शब्द वाचायच्या आधी त्याची गोष्ट सांगते. पोरं हळू शिकतात. शिकू देत.

मागच्या हिवाळ्यात बाबा गेले. पेपर वाचून झाला, चहा प्याले, जरा पडतो म्हणाले. आमच्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवून नेतात. फुलांत बसवलं तेव्हा बाबा अगदी सकाळी खुर्चीत बसायचे तसे दिसत होते. आई एकटक बघत होती. ती कशाची वाट बघत होती ते मला माहीत होतं, आणि ते मी कुणाला सांगू शकले नाही.

मग घर मुकं झालं. दोन्ही पेपर येत राहिले, घडी न मोडता कोनाड्यात जात राहिले. मला तो उर्दू पेपर बघवेना. पेपरवाल्याला सांगून मी तो बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी आई दारात उभी. "दुसरा कुठाय?"

"बंद केला, आई. आता कोण वाचणार?"

"कुणाला इचारून केला?" आई माझ्यावर ओरडली. गेल्या कित्येक वर्षांत ती एवढ्या मोठ्यानं बोलली नव्हती. मी त्याच पावली जाऊन पेपर परत सुरू केला.

तो आला त्या सकाळी तिनं मेथीची जुडी आणली. आपल्या जागी खाली बसली. बाबांची खुर्ची रिकामी होती. तिनं पेपर त्या खुर्चीवर ठेवला आणि मला म्हणाली, "बस. वाच."

मला खुर्चीत बसवेना. मी खाली तिच्या शेजारी बसले. "आई, मला हे अजून धड येत नाही गं. अडखळते मी. मराठीच वाचू का?"

"मराठी माझं मला येतं," ती म्हणाली. "हे येत न्हाई. हे वाच."

मी शेवटचं पान वर घेतलं. उजव्या कडेला बोट ठेवलं. पहिल्या ओळीला माझ्या पहिलीतल्या पोरापेक्षा जास्त वेळ लागला. आई एक एक पान खुडत होती, घाई करत नव्हती. कुठल्या तरी गावात शाळेची भिंत पडली होती, पोरं वाचली होती. तेवढं लागलं. मग एक शब्द आला. सगळी अक्षरं ओळखीची, शब्द मात्र ओळख देईना. मी तो दोनतीनदा तोंडात फिरवला आणि सवयीनं मान वर करून खुर्चीकडे बघितलं, बाबांना विचारायला.

आईनंही तिकडेच बघितलं. मग तिनं मेथीची काडी सुपात ठेवली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मग पुढं?"