आईचं मराठी, अण्णांचे कान

आई गेल्यावर तीन महिन्यांनी मी अण्णांना कान तपासायला नेलं. तोवर त्यांचे कान बरे आहेत असंच आम्ही समजत होतो. बरे, पण हट्टी, असं आई म्हणायची.

रेशमाच्या गिरणीत अण्णांनी तीस वर्षं यंत्रमाग चालवले. शेडमध्ये मागांच्या रांगा, आणि प्रत्येक मागात आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे आपटत असे. घरी आल्यावर ते तासभर काही न बोलता बसून राहत. निवृत्तीनंतर तेही थांबलं. मग काळजीचं काही उरलं नाही, असं वाटलं.

कन्नड मुलखात, मंडी मोहल्ल्यातल्या आमच्या घरी शेजारीण कुंपणापाशी उभी राहून अण्णांशी कन्नडमधून बोले. वांगी महागली, सून उशिरा उठते, सगळं त्यांना समजे. ते हसतही. आई सातारची. इतक्या वर्षांत तिचं कन्नड भाजी-दुधापुरतंच राहिलं. ती आतून काही सांगे, तेव्हा अण्णा एकदा "काय?" म्हणत, मग नुसतं "हं" म्हणत आणि भलतंच करत.

"तिची वांगी बरी ऐकू येतात. माझं 'कुकर बंद करा' तेवढं नाही ऐकू येत."

"अय्यो, तू पुटपुटतेस."

"मी? गल्लीला ऐकू जातं माझं!"

पुढे तिने बोलणंच कमी केलं. एकदा कपड्यांच्या घड्या घालताना मला म्हणाली, "ह्यांना माझं बोलणं नकोच आहे गं." मला ते खरं वाटलं. त्या दिवसापासून मीही अण्णांशी तुटक वागू लागले.

तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, हे कामावर कोणती भाषा बोलायचे? मग त्यांनी मला समजावून सांगितलं. आवाज पोचतो, पण मागांच्या गोंगाटाने स, श, त यांसारखी बारीक अक्षरं पुसली गेली आहेत. गाळलेल्या जागा मेंदू समोरच्याचे ओठ पाहून, अंदाजाने भरतो. तो अंदाज सरावाच्या भाषेत लवकर जमतो. शेडमध्ये कुणालाच कुणाचं ऐकू येत नसे. अण्णा तीस वर्षं ओठ वाचत आले होते, आणि ते सगळे ओठ कन्नड बोलणारे होते.

घरी येऊन मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि हे सगळं कन्नडमधून सांगितलं. घरात त्यांच्याशी कन्नड बोलण्याची माझी ती पहिलीच वेळ. त्यांनी एकदाही "काय?" म्हटलं नाही. मग ते मराठीत म्हणाले, "शेवटच्या दुपारी ती काहीतरी म्हणाली. मी पाणी आणायला उठलो. पाणीच मागितलं होतं ना तिने?"

मी तेव्हा पलंगाच्या पायथ्याशी होते. आईने पाणी मागितलं नव्हतं. अण्णा लगबगीने स्वयंपाकघरात गेले, तेव्हा तिने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.

हो म्हणावं, असं मला फार वाटलं. पण ते माझ्या ओठांकडे पाहत होते.

"बसा," मी म्हणाले.

"काय?"

"बसा, म्हणाली होती."

त्यांनी मान हलवली. कळलं नव्हतं. मग मी तेच कन्नडमधून म्हटलं, "कूतकोळ्ळी."

"बसलोच आहे की," अण्णा म्हणाले. आणि मग त्यांना समजलं.