बाय कुठे आहे?

"माझी बहीण कुठे आहे?" मी विचारलं.

पास्टर उजागरेंनी माझ्याकडे इतक्या मायेने बघितलं, की मला सांगावं लागलं, "माझ्याकडे नका बघू. बहीण त्याची आहे."

तो म्हणजे भास्कर. समोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. प्रश्न विचारून झाला की तो दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवतो. म्हणजे माझं बोलून झालं, आता तुम्ही बोला.

मी साइन लँग्वेजची इंटरप्रिटर आहे. बहिरा माणूस हातांनी जे बोलतो ते मी मराठीत बोलून दाखवते, आणि ऐकणारा जे बोलतो ते हातांवर घेते. आमच्या कामाचा पहिला नियम असा, की समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. 'तो असं म्हणतोय' वगैरे मधे घालायचं नाही. त्यामुळे मी आजवर कोर्टात घटस्फोट मागितलाय, चौकीत मोबाइल चोरीला गेल्याची तक्रार केलीय, आणि पन्नाशी उलटल्यावर वाशीच्या एका दवाखान्यात 'मला दिवस गेलेत' असंही सांगितलंय. तिथली नर्स माझ्याकडे बघतच राहिली होती. दुसरा नियम म्हणजे आपल्या पदरचं काही घालायचं नाही आणि त्यांचं काही गाळायचं नाही. ऐकायला सोपा वाटतो.

भास्कर दिघ्याला भाड्याने राहतो आणि पावण्याला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात पंचिंग मशीनवर आहे. त्या मशीनचा एवढा आवाज, की ऐकणारी माणसं तिथे टिकत नाहीत. ऐरोलीत एका बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर चर्चने भाड्याने हॉल घेतलाय, तिथे रविवारी दुपारी बहिऱ्यांची संगत भरते. सुरुवातीला भास्कर काही प्रार्थनेला जायचा नाही. हातांनी बोलणारी माणसं भेटतात म्हणून जायचा. आठवडाभर ज्याच्याशी कोणी धड बोलत नाही, तो माणूस रविवारी कुठेही जाईल. हळूहळू त्याला येशू आवडायला लागला. मला त्याने कारणही सांगितलं होतं. एका बहिऱ्याला गर्दीतून बाजूला घेऊन, त्याच्या कानांना हात लावून, त्याच्याशी खुणांनी बोलणारा देव त्याला दुसरा कुठे भेटला नव्हता.

त्याचा बाप्तिस्मा ठरला. त्याआधी पास्टरांबरोबर एक-दोन बैठका होतात, त्यात विश्वास म्हणजे काय ते समजावून सांगतात. चर्चचे सेक्रेटरी साळवे काका, त्यांनी मला बोलावलं. काका माणूस चांगला, पण कायम घाईत. मी बौद्ध घरातली. आमच्याकडे स्वर्गात कोण जातं यावर कधी चर्चाच झाली नाही, त्यामुळे मला या कामाचं काडीचं टेन्शन नव्हतं. येशूवर विश्वास ठेवणाऱ्याला सार्वकालिक जीवन मिळतं, त्याच्याशिवाय दुसरा मार्ग नाही, असं पास्टर सांगत होते. मी ते हातांवर घेत होते. तेवढ्यात भास्करने हात वर केला आणि बहिणीचं विचारलं.

मग त्याने तिची हकीकत सांगितली. त्याची थोरली बहीण, बाय. तीही जन्मापासून बहिरी. गाव खाडीकाठचं, आगऱ्यांचं, मिठागरावरचं. भास्करला लहानपणी कुठल्याशा शिबिरात डॉक्टरांनी बघितलं आणि बोर्डिंगच्या शाळेत घातलं. तिथे त्याला साइन लँग्वेज मिळाली, लिहितावाचता आलं. बायला घातलं नाही, कारण घरात पाणी भरायला कोणीतरी पाहिजे होतं. तिच्याजवळ होत्या त्या फक्त घरच्या खुणा, दोघा भावंडांनी खेळता खेळता बनवलेल्या. अशी भाषा त्या घराबाहेर कोणाला कळत नाही. बायची तर घरातही भास्करशिवाय कोणाला कळत नव्हती. आईबाप तिला हाताला धरून कामाला लावायचे. गाव तिला मुकी म्हणायचं. भास्कर तिचं नाव घेताना हनुवटीवर बोट टेकवतो, कारण तिथे तिला गोंदण होतं. गेल्या वर्षी ती वारली आणि ती भाषा येणारा जगात एकटा भास्कर उरला.

"तिला येशूबद्दल कोणी सांगितलं नाही," मी भास्करचं बोलत होते. "एकवीरा आईबद्दलसुद्धा नाही. जत्रेला सगळ्यांबरोबर जायची आणि सगळ्यांबरोबर परत यायची. तिला कोणी कधी कशाबद्दलच काही सांगितलं नाही. मग शास्त्र तिच्याबद्दल काय म्हणतं?"

पास्टर वयाने लहान, पण प्रामाणिक. त्यांनी टाळलं नाही. म्हणाले, यावर आमच्यातच एकमत नाही. काही जण म्हणतात, विश्वासाशिवाय तारण नाही, मग कानावर पडलेलं असो की नसो. काही म्हणतात, ज्याला जेवढा उजेड मिळाला तेवढ्यावरच देव त्याचा न्याय करतो, जे सांगितलंच नाही त्याचा जाब विचारत नाही. काहींना वाटतं, तान्ह्या मुलांना देव जसा जवळ घेतो तसा अशांनाही घेत असेल. आणि थोडे असेही आहेत, जे म्हणतात की मेल्यानंतर त्यांना एक संधी मिळते. मी एकेक मत हातांवर घेत गेले. भास्कर डोळ्याची पापणी न हलवता बघत होता.

"यातलं तुमचं कुठलं?" त्याने विचारलं.

पास्टरांनी थोडा विचार केला. मग अगदी प्रेमाने म्हणाले, "भास्कर, काही गोष्टी देवाने आपल्याला आत्ता सांगितलेल्या नाहीत. त्या नंतर सांगेल."

माझे हात जागच्या जागी थांबले.

हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. माझे आईवडील दोघंही बहिरे होते. लग्नाकार्यात सगळे जेवायला बसले की कोणीतरी काहीतरी बोलायचं आणि सगळी पंगत हसायची. आई शेजारणीचा हात हलवून विचारायची, काय झालं? शेजारीण हसू पुसत सांगायची, नंतर सांगते. ते नंतर कधी आलं नाही. कुठल्याही बहिऱ्या माणसाला विचारा. घरी, कामावर, दवाखान्यात, मयतीला, जन्मभर त्याने हेच ऐकलेलं असतं, नंतर सांगतो. ऐकणारे ते दुष्टपणाने म्हणत नाहीत, त्यांना फक्त त्या वेळी कंटाळा आलेला असतो.

शब्द बदलणं माझ्या हातात होतं. 'आपल्याला माहीत नाही' एवढं केलं असतं तरी निभावलं असतं. पण नियम म्हणजे नियम. मी 'नंतर' केलं.

भास्करचा चेहरा बंद झाला. तो उठला. दाराशी जाऊन वळला, हातांनी एकच वाक्य बोलला आणि जिना उतरून गेला.

"काय म्हणाला?" पास्टरांनी विचारलं.

"देवही ऐकणाऱ्यांतलाच निघाला," मी म्हटलं.

खाली चहाच्या टपरीवर साळवे काकांनी मला गाठलं. बाप्तिस्म्यासाठी गच्चीवर हौद बसवायचं ठरलं होतं, मंडळींना निरोप गेले होते. मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही सांगून टाका ना त्याला, बहीण स्वर्गात आहे म्हणून. पास्टरला तुमच्या खुणा थोड्याच कळतात. आणि ह्यालाही कळणार नाही पास्टर काय बोलला ते."

"काका, दोघांनाही कळणार नाही, म्हणूनच मी सांगत नाही."

चहाचे पैसे मात्र काकांनीच दिले.

जुईनगरला माझं वन रूम किचन आहे. त्या दिवशी घरी आले आणि दिवा लावून नुसती बसून राहिले. आई गेल्यापासून या घरात माझ्या हातांना कणिक मळण्यापलीकडे काही काम नाही. आईशी मी अंधारात कधी बोलले नाही, कारण दिवा असल्याशिवाय ती ऐकायची कशी? ती सवय अजून गेलेली नाही. दिवसभर मी लोकांच्या वतीने 'मी, मी' करते आणि घरी आलं की माझं स्वतःचं असं बोलायला कोणी नाही. मला फार एकटं वाटलं. भास्करची दिघ्याची खोली मी पाहिली नव्हती, पण ती कशी असेल ते मला तेव्हा नीट कळलं. तो पंथावर, चर्चवर, कोणावरच चिडलेला नव्हता. आपण जिथे जाऊ तिथे आपलं माणूस असेल का, एवढंच त्याला हवं होतं.

पास्टरांचा फोन आला. भास्करला परत आणता येईल का, असं विचारत होते. मी त्याला व्हिडिओ कॉल केला. आधी त्याने मान फिरवली, आणि बहिरा माणूस मान फिरवतो तेव्हा फोन आपटल्यासारखंच असतं ते. दुसऱ्यांदा केला, तेव्हा येतो म्हणाला.

पुढच्या रविवारी तो दाराजवळची खुर्ची धरून बसला. सुरुवात व्हायच्या आधी मी दोघांना, दोन्ही भाषांत, सांगितलं की आता मी इंटरप्रिटर म्हणून बोलत नाहीये, माझं स्वतःचं बोलतेय. एवढी सूट आम्हाला असते, पण आधी सांगावं लागतं. मग पास्टरांना मी 'नंतर'चा अर्थ सांगितला. आईची पंगत सांगितली. भास्कर बघत होता.

पास्टरांनी मला विचारलं, 'मला माहीत नाही' हे हातांनी कसं सांगतात. मी दाखवलं. त्यांनी ते भास्करकडे वळून स्वतः केलं. वाकडंतिकडं, लहान मुलासारखं, पण केलं. पुढचं ते मराठीत बोलले आणि मी हातांवर घेतलं.

"मलाही कोणी सांगितलेलं नाही. मी शिकायला होतो तेव्हा हाच प्रश्न विचारला होता, मलाही नंतर म्हणाले. त्या पंगतीत मी तुझ्याच शेजारी बसलोय, भास्कर. देव तुझ्या बहिणीवर अन्याय करणार नाही, एवढं एकच मी घट्ट धरून आहे. कसं ते मला माहीत नाही."

भास्करने खुर्ची थोडी पुढे ओढली. "समजा ती तिथे आहे," त्याने विचारलं, "तर तिच्याशी बोलतं कोण?"

"तिची भाषा फक्त मला येते," भास्करचे हात सावकाश चालत होते आणि मी त्यांच्यामागून बोलत होते. "ती तिथे असेल तर मला जायलाच पाहिजे. नाहीतर ती तिथेही मुकी. आणि ती तिथे नसेल, तर मला देवासमोर उभं राहून त्याला विचारायचंय. समोरासमोर त्याला नंतर म्हणता येणार नाही. म्हणून मी बाप्तिस्मा घेतो."

मागे बसलेले साळवे काका अस्वस्थ झाले. हे असं कारण चालतं का, ते पास्टरांना विचारायला लागले. पास्टर म्हणाले, मला चालतं.

मग कामाचं बोलायचं होतं. बाप्तिस्म्यात माणसाला क्षणभर पाण्याखाली घेतात. आपल्याला डोळे मिटले तरी आवाज येत असतो. बहिऱ्याचे डोळे मिटले की जग संपलं, त्याला काही सांगायची सोय नाही. म्हणून सगळ्या खुणा आधी ठरवाव्या लागतात. खांद्यावर थाप म्हणजे खाली, पाठीला हात म्हणजे वर. हे ठरवताना भास्करने मधेच हनुवटीला बोट लावलं, तळवा जमिनीकडे दोनदा दाबला आणि छातीवर हात ठेवला.

मी बघत राहिले. एवढ्या वर्षांत माझ्यावर असं म्हणायची वेळ फारशी आली नव्हती, पण म्हटलं, मला कळलं नाही.

त्याने समजावलं. शाळेची गाडी त्याला न्यायला आली तेव्हा बाय मिठागराच्या बांधावर उभी होती. शाळा म्हणजे काय हे सांगायला दोघांकडे खूण नव्हती. म्हणून त्याने तिला एवढंच सांगितलं होतं: बाय, तू इथे थांब, मी येतो. सुट्टीत तो आला तेव्हा ती बांधावरच होती. आईने हातवारे करून सांगितलं, ही रोज तिथे जाऊन उभी राहते. आम्हाला वाटलं, वेड लागलं.

बाप्तिस्मा झाला. गच्चीवर निळा हौद, पलीकडे खाडी. भास्करच्या गावाकडची माणसं कोणी नव्हती, संगतीतली सगळी होती. पास्टरांनी विचारलं, विश्वास आहे का? त्याने आहे म्हटलं. थाप पडली, तो खाली गेला, वर आला. बहिरे टाळ्या वाजवत नाहीत, दोन्ही हात वर करून हलवतात. सगळ्या गच्चीभर हात हलत होते. भास्करने डोळ्यांवरचं पाणी निपटलं, पण आमच्याकडे बघितलंच नाही. खाडीकडे तोंड केलं. हनुवटीला बोट लावलं, तळवा दोनदा खाली दाबला आणि छातीवर हात ठेवला.

साळवे काका माझ्या कानाशी आले. "मॅडम, काय म्हणाला तो? काय म्हणाला?"

काही गाळायचं नाही हा नियम मला पाठ आहे. पण जे बोलणं गच्चीवरच्या कोणाशी नव्हतंच, ते कोणाला सांगायचं? काका मात्र तोंडाकडे बघत उभे होते.

"नंतर सांगते," मी म्हटलं.