डार्क एनर्जीचा शेजार

भुताखेतांचे किस्से खरं तर मराठीच्या स्टाफरूममध्ये जमायला हवेत. आमच्या रत्नागिरीच्या कॉलेजात मात्र ते जमतात फिजिक्सला! डार्क एनर्जी सिलॅबसमध्ये आली, आणि तेव्हापासून दर टर्मला एखादा तरी साठतोच.

*

आमचे एचओडी देसाई सर. वर्गात त्यांनी फुग्यावर पेनानं ठिपके काढले आणि फुगा फुगवला. "विश्व असं पसरतंय. ठिपके म्हणजे आकाशगंगा."

मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "म्हणजे रत्नागिरी ते हातखंबा अंतर पण वाढतंय?"

"नाही गो. जवळच्या वस्तूंना गुरुत्वाकर्षण धरून ठेवतं. लांबचं पसरतंय, आणि वेग वाढतच चाललाय."

"पण फुंकतंय कोण?"

"कोणी नाही. रिकामी जागाच स्वतःला फुगवते."

मुलीनं वही मिटली. "कोणी असतं तर बरं होतं, सर!"

*

त्याच सरांनी एकदा फळ्यावर जनरल रिलेटिव्हिटीचं समीकरण लिहिलं. त्यात लॅम्डा नावाचं एक अक्षर असतं, रिकाम्या जागेच्या एनर्जीचं. "विश्व स्थिर राहावं म्हणून हे घातलं, मग नको म्हणून काढलं, आणि पसरण्याचा वेग वाढतोय कळल्यावर परत आणावं लागलं," असं सांगून त्यांनी ओल्या फडक्यानं अख्खा फळा पुसला.

सकाळी फळ्यावर लॅम्डा!

लॅब असिस्टंट शिवराम हसला. "ओलं पुसलात ना, सर? वाळलं की जुनं उठतं."

सरही हसले. मग थांबले. "अरे, मग बाकीचं समीकरण का नाही उठलं?"

शिवराम तो फळा आजही एकट्यानं पुसत नाही.

*

कॅन्टीनवाल्या बंड्याला सर समजावत होते, "चहात पाणी ओतलं की चहा पातळ होतो. विश्व पसरतं तसं बाकी सगळं असंच पातळ होतं. डार्क एनर्जी नाही! जागा कितीही वाढो, ती तेवढीच कडक. आणि तिचा दाब उलटा, म्हणून रिलेटिव्हिटीच्या हिशेबात ती ओढत नाही, दूर ढकलते."

बंड्यानं पातेल्यावर झाकण ठेवलं. झाकणावर वरवंटा!

*

व्हायवाच्या तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. "डार्क एनर्जी कुठे असते?"

"सगळीकडे, सर. या खोलीत पण."

"दाखव बघू!"

मुलानं त्यांच्या शेजारची रिकामी खुर्ची दाखवली.

पुढचा प्रत्येक विद्यार्थी परीक्षकांनी त्या खुर्चीत बसवला. विद्यार्थी संपले तेव्हा शिवरामला म्हणाले, "तू बस रे जरा इथे."

*

आणि सुर्वे मॅडम. त्यांचा धाकटा भाऊ नितीन बोटीवर नोकरीला होता. बोट बेपत्ता झाली, शोधही थांबला. लांबलेली रजा संपवून मॅडम परत आल्या. पहिलाच तास, म्हणून सोबतीला मी मागं बसलो.

"फार लांबच्या आकाशगंगांचा जुना प्रकाश आपल्याकडे येत राहतो," मॅडम सांगत होत्या. "पण मधली जागा इतकी वाढतेय, की आत्ता निघालो तरी तिथं कधीच पोचणार नाही. प्रकाशसुद्धा पोचणार नाही."

एकानं विचारलं, "मग दिसतात त्या आत्ता आहेत की नाहीत, कळायचं कसं?"

मॅडम खडू घेऊन फळ्याकडे वळल्या. टेबलावरचा त्यांचा फोन वाजला. व्हॉइस मेसेज. मॅडमनी स्क्रीनवरचं नाव वाचलं, "नितीन."

मी पुढे धावलो. "मॅडम, जुना असेल. नेटवर्कमध्ये अडकलेला."

त्यांनी बटण दाबलं. आधी नुसता वारा. मग त्याचा आवाज, अगदी नेहमीसारखा.

"ताई, आज पहिला तास ना? घे घेऊन. मी थांबतो."