बिनदुधाचा हिवाळा

माणसानं एकदा दूध सोडलं की त्याला आजारी पडायची सोय उरत नाही. साधी शिंक आली तरी समोरचा म्हणतो, बघ, पोटात दूध नाही ना. माझ्या चष्म्याचा नंबर वाढला त्याचंही कारण मावशीनं हेच काढलं. तिचा स्वतःचा नंबर माझ्या दुप्पट आहे आणि ती सायीसकट दूध पिते, हे तिला सांगणार कोण.

दूध, दही, तूप, लोणी सोडून मला चार वर्षं झाली. कारण काही फार मोठं नाही. अजिंठ्याजवळ आत्याच्या शेतावर गेले होते. तिथं वासरू विकल्यावर एक गाय तीन दिवस हंबरत होती. चौथ्या दिवशी मला दुधाचा चहा घशाखाली उतरेना. मटण त्याआधीच सुटलं होतं. नातेवाइकांनी विचारलं, माळ घातली का? माळ घातली असती तर त्यांना कळलं असतं. पण माळकरीही दूध पितात, मग हे नवीन खूळ कुठलं? मीही कमी नव्हते. मला काही होत नाही आणि होणारही नाही, असं प्रत्येकाला ठणकावून सांगत सुटले. तेच माझ्या अंगाशी आलं.

पहिल्याच हिवाळ्यात मन बसलं. दिवाळी सरली आणि सकाळी डोळे उघडायचे, पण अंग उठायचं नाही. मी घरबसल्या शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासते. एकेक पान तीनदा वाचायचे आणि तरी त्यात काय होतं ते सांगता यायचं नाही. जेवणाला चव नव्हती, कुणाचा फोन घ्यावासा वाटत नव्हता, रडूसुद्धा येत नव्हतं. होळीच्या सुमाराला सगळं आपोआप ठीक झालं. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. सांगायची चोरी होती. मी उदास आहे असं तोंडातून निघालं असतं तर दुधाची सरशी झाली असती. म्हणून तीन हिवाळे मी कामं फार आहेत असं म्हणत दार लोटून पडून राहिले.

आमच्या घरात माणसं दोनच, बाबा आणि मी. आई जाऊन सहा वर्षं झाली. तोवर बाबांना चहासुद्धा करता येत नव्हता. आई गेल्यावर मात्र त्यांनी स्वयंपाक असा शिकून घेतला की जणू कुणी खात्याची परीक्षा घेणार होतं. भाकरीनं त्यांना फार छळलं. परातीत ती थापताना चिरायची, उचलताना तुटायची, आणि ते स्वतःशीच पुटपुटत पुन्हा गोळा करायचे.

गेल्या हिवाळ्यात, माझ्या चौथ्या, त्यांनी मला पकडलं. दुपारी बारा वाजता मी गादीवरच होते आणि ते दारात उभे होते. दुसऱ्या दिवशी रिक्षा बोलावून डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी रक्त तपासलं. बी बारा व्यवस्थित निघालं, कारण त्याची गोळी मी पहिल्यापासून नेमानं घेते. दूध सोडणाऱ्यानं ती घेतलीच पाहिजे आणि तेवढी अक्कल मला आहे. डी जरा कमी होतं, त्याचं औषध त्यांनी दिलं. मग मला नीट प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, दिवस लहान झाला की काहींचं मन असं मिटतं. घरात ऊन येतं का? येत नव्हतं. सिडकोतल्या आमच्या फ्लॅटच्या दक्षिणेला चार वर्षांपूर्वी सात मजले उभे राहिले. उन्हाळ्यात कळत नाही, पण हिवाळ्यात सूर्य त्या बाजूला झुकला की दिवाळीपासून आमच्या खोल्यांत दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो. बाईंनी सांगितलं, रोज सकाळी अर्धा तास उघड्यावर चाला. तेवढ्यानं नाही भागलं तर औषधं आहेत, लाजायचं कारण नाही.

बाबांना ते पटलं नाही. परतताना रिक्षात म्हणाले, हे थंड देशांतलं दुखणं, आपल्याकडं कुठं बर्फ पडतो? ते माझ्याकडे पाहत नव्हते, पण दूध हा शब्द त्यांनी ओठांवर धरून ठेवलाय हे मला स्पष्ट दिसत होतं. खरं सांगायचं तर बाईंचं बोलणं मलाही अर्धंच पटलं. आणि सकाळी उठता येत नाही हेच ज्याचं दुखणं, त्याला सकाळी उठून चालायला सांगणं म्हणजे आंधळ्याला वाचायला सांगणं. मी एकदाही गेले नाही.

त्याच सुमाराला बाबांच्या भाकऱ्या सुधारल्या. बाजरीची भाकरी, वर तीळ, आणि इतकी मऊ की गार झाली तरी वातड होईना. मला कशालाच चव लागत नव्हती, पण भाकरी सहज गिळता यायची, म्हणून मी तीच खायचे. एकदा म्हणालेसुद्धा, बाबा, तुमचा हात बसला. ते वळून ओटा पुसायला लागले.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. न खाई भोगी तो सदा रोगी, असं आपल्याकडे म्हणतात. बाबांनी गुलमंडीच्या बाजारातून तीळ आणले होते. वांगी, गाजर, घेवडा, ओले हरभरे घालून भोगीची भाजी केली होती, माझ्यासाठी भाकरी, आणि स्वतःच्या ताटात लोण्याचा गोळा. मी त्या गोळ्याकडे पाहत बसले. दोन महिने मी माणसासारखी नव्हते. प्रकाशकाचं एक काम हातून गेलं होतं, दुसरं जायच्या बेतात होतं. मला वाटलं, एवढे सगळे लोक चुकीचे कसे असतील? माझा हट्टच मला खातोय. इतकी वर्षं जे मनापासून पाळलं ते सोडायचं ठरवताना मला दुःखही झालं नाही, इतकी मी थकले होते. मी वाटी पुढे केली.

"बाबा, वाढा लोणी. हरले मी."

बाबांनी वाढलं नाही. वाटी तशीच माझ्या हातात राहिली. ते ताटाकडे बघत म्हणाले, "लोणी नको खाऊ. दूध तर तू चंपाषष्ठीपासून खातीयेस."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. माझ्या भाकरीचं पीठ ते दीड महिना पाण्याऐवजी दुधात मळत होते. म्हणजे मी रोज भाकरी म्हणून दशमी खात होते, आपण प्रवासाला बांधून नेतो ती. त्यासाठी अर्ध्या लिटरची पिशवी एक लिटरची झाली होती, आणि मी दुधाच्या पातेल्याकडे बघतच नसल्यामुळे माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

मी ताटावरून उठले. इतका संताप मला कित्येक महिन्यांत आला नव्हता. माझ्या पोटात काय जावं ते मला न विचारता ठरवणारे तुम्ही कोण, असं बरंच काही मी बोलले. मी इथं एकेक पाकीट उलटसुलट वाचून घेते आणि माझ्याच घरात माझी फसवणूक, असंही बोलले. ते मान खाली घालून ऐकत राहिले. मी दमून थांबले तेव्हा म्हणाले, "चुकलंच माझं. तुला विचारायला पाहिजे व्हतं. पण दुधानं गुण यायचा असता तर यवढ्यात आला नसता का?"

मी उभीच होते. हळूहळू त्यांचं बोलणं डोक्यात शिरलं. दीड महिना, रोज दोन वेळा दूध, आणि मी आहे तिथेच. म्हणजे दूध नव्हतं म्हणून हे झालं नव्हतं. माझ्या हट्टानं झालं नव्हतं. मी स्वतःच्या हातानं स्वतःला आजारी पाडलं नव्हतं. छातीवरचा दगड उतरावा तसं मला झालं आणि मी हसायला लागले. हसता हसता रडू आलं, आणि ते आल्याचंही मला बरं वाटलं. मी पुन्हा पाटावर बसले.

बाबांनी माझ्या ताटातली भाकरी उचलून घेतली. मग म्हणाले, "तुझी आईबी थंडीत अशीच व्हायची. गॅसपुढं उभी राहायची अन् चहा उतू जायचा, तरी तिला दिसायचं नाय. ती तर पेलाभर दूध रोज प्यायची."

"मग तुम्ही काय करायचात?"

"काय करणार. आळशी म्हणायचो तिला."

मला आईचे ते हिवाळे आठवले. मी शाळेतून यायचे आणि ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. मला वाटायचं, थंडीत आई माझ्यावर रागावते. मी काय चुकले ते आठवत बसायचे. ती रागावलेली नव्हती हे मला त्या भोगीला, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी कळलं.

संक्रांतीपासून मी सकाळी बाहेर पडायला लागले. पहिले आठ दिवस बाबांनी अक्षरशः हाताला धरून नेलं. वाट त्यांचीच, डेअरीपर्यंत वीस मिनिटं, पूर्वेकडे तोंड करून, उन्हात. आता त्यांच्या चहाचं दूध आणायला मीच जाते. दुधानं तुला बरं केलं, असं मावशीला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं, ते मी पीत नाही, फक्त वाहते. होळीची वाट न पाहता मन उठायला लागलं. सगळं एका झटक्यात नव्हे, पण हातातलं दुसरं काम वाचलं.

यंदाही दिवाळी झाली आणि दिवस लहान झाले. मधूनमधून मन बसतंच. बाबा आता रोज सकाळी विचारतात, आज कसं वाटतंय? आईला हे कधी विचारलं नाही, असं एकदा म्हणाले. मी त्यांना खरं काय ते सांगते. परवा सांगितलं, आज अजिबात बरं वाटत नाही. त्यांनी दुधाचं नाव काढलं नाही, पायात चपला सरकवल्या आणि माझी शाल घेऊन दारात उभे राहिले.