महेशचं रिलीज मी अडवलं

महेशला मस्कतच्या विमानतळावर सोडायला मीच गेलो होतो. बॅगा उतरवल्यावर तो माझ्या पाया पडला. "काका, तुम्ही खूप खटपट केलीत. अर्बाबच आडमुठा, तुम्ही तरी काय करणार?" मी त्याची बॅग ट्रॉलीवर चढवली. त्या गोष्टीला पाच वर्षं झाली.

गावातल्या मंडळींनो, तुम्ही अजून त्या अर्बाबला, म्हणजे आमच्या ओमानी मालकाला, शिव्या घालता. बंद करा ते.

'रिलीज' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ शाळेत मी 'मोकळं करणे' असा पाठ केला होता. आखातात त्याची वस्तू झालेली. रिलीज मागतात, ते मिळतं, अडकतं. म्हणजे जुन्या मालकाचं सही-शिक्क्याचं पत्र. ते असेल तर दुसरी नोकरी धरता येते. नसेल तर घरी जायचं आणि दोन वर्षं ओमानचं नाव काढायचं नाही.

मस्कतच्या गाला भागातल्या आमच्या एसी वर्कशॉपमध्ये महेश मेकॅनिक होता, मी ऑफिसात. त्याला निझवा शहरात फॅमिली व्हिसासकट नोकरी मिळाली. बायकोला आणि चार वर्षांच्या मुलीला आणणार होता. अर्बाब इंग्रजी वाचत नसे. मी कागद ठेवायचा, तोंडी सांगायचं, त्याने सही करायची, अशीच आमची पद्धत. महेशचं पत्र मी टाईप केलं आणि खणात टाकलं. त्याला म्हणालो, "अर्बाब नाही म्हणतो रे."

रिलीज नाही म्हणून महेश घरी निघाला. त्याचा व्हिसा रद्द करायच्या कागदावर सही करताना अर्बाबने विचारलं, "चांगला माणूस, का जातोय?"

"आई आजारी आहे."

"मिस्कीन," बिचारा, असं पुटपुटत त्याने सही केली.

वर्कशॉपचं काम अडलं असतं, असं मी स्वतःला सांगत आलो. साफ खोटं! मी मस्कतजवळ माबेला भागातल्या खोलीत बायकोशिवाय तेवीस वर्षं काढली, आणि हा तिशीत संसार मांडणार? ते मला बघवलं नाही. बस्स, एवढंच.

महेश आता सौदीत आहे, एकटा. सुट्टीला आला की मुलगी आईच्या मागे लपते.

आणि मी गावी परतलो, तर तुम्ही मला मान देता! परवा महेशची आई फणसाचे गरे घेऊन आली. "माज्या पोरासाठी तुमी लय केलात." गरे मी तसेच ठेवले.

आपण कोण आहोत हे जिथे सगळ्यांना ठाऊक असतं, ते घर. गावात चौथरा, पडवी सगळं बांधलं मी, पण तसं घर मला नाही. आज महेशच्या आईच्या ओटीवर बसून, तुम्हा सगळ्यांसमोर हे वाचणार आहे. नंतर तिने मला दारात उभं केलं नाही तरी चालेल. निदान मी गावात राहत असेन, लपलेला नसेन.